ऑनलाइन बाजारपेठेतील प्रताधिकारभंग : तक्रार आणि प्रतिवाद

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात माल मांडून बसलेला विक्रेता गिऱ्हाइकाला समोर दिसतो. त्याचे गाव ठाऊक असते, त्याच्या मालाची पारख झालेली असते. एखाद्याने दुसऱ्याची कारागिरी आपली म्हणून विकावयास ठेवली, तर ती गोष्ट दिवस मावळण्यापूर्वी चव्हाट्यावर येते. ऑनलाइन बाजारपेठेचे स्वरूप याहून निराळे आहे. तेथे विक्रेता दिसत नाही, मालाचे केवळ छायाचित्र दिसते; आणि ज्या कंपनीच्या संकेतस्थळावर हा व्यवहार होतो, ती कंपनी बहुधा स्वतः विक्रेती नसून केवळ मध्यस्थ असते. अशा ठिकाणी आपल्या लेखनाची वा चित्राची चोरी झाल्यास दाद कोठे मागावी, आणि आपल्यावरच चोरीचा आळ आल्यास त्याचे निराकरण कसे करावे, या दोन प्रश्नांचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

विषय स्पष्ट व्हावा म्हणून दोन कल्पित उदाहरणे घेऊ. समजा, फोंडा तालुक्यातील एका शिक्षिकेने सुट्टीच्या दिवसांत, स्वखर्चाने, बालवर्गासाठी एक सचित्र सरावपुस्तिका तयार करून छापून घेतली. वर्षभराने तीच पाने, तिचे नाव गाळून, कोणी अनोळखी विक्रेता ऑनलाइन विकत असल्याचे एका पालकाने तिच्या ध्यानात आणून दिले. दुसरे उदाहरण बेळगावातील एका जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याचे. त्याने ठिकठिकाणच्या संग्रहांतून विकत घेतलेली पुस्तके ऑनलाइन विक्रीस ठेवली होती. एके सकाळी त्यांपैकी चाळीस पुस्तकांच्या नोंदी काढून टाकल्याचा निरोप त्याला आला. कारण एकच दिले होते : प्रताधिकारभंगाची तक्रार.

पहिल्या प्रसंगात निर्मितीचा हक्क हिरावला गेला आहे. दुसऱ्यात रोजीरोटी थांबली आहे. कायदा या दोघांचीही बाजू ऐकतो. मात्र एक गोष्ट प्रारंभीच लक्षात घेतली पाहिजे. बाजारपेठ चालविणारी कंपनी म्हणजे न्यायालय नव्हे. ती साक्षीदार तपासत नाही. समोर आलेल्या कागदावरून निर्णय करते. यास्तव आपले नेमके काय आहे आणि काय नाही, हे जो पुराव्यानिशी व वेळेत सांगू शकतो, त्याचीच बाजू तेथे टिकते.

हक्क कशावर असतो?

व्यवहारात ज्याला कॉपीराइट म्हणतात, त्या प्रताधिकाराचे नियमन आपल्या देशात प्रताधिकार अधिनियम, १९५७ अन्वये होते. हा अधिनियम २१ जानेवारी १९५८ पासून अमलात आला. साहित्य, नाट्य, संगीत व कला या क्षेत्रांतील मूळ कृती, चित्रपट आणि ध्वनिमुद्रणे यांना त्याचे संरक्षण आहे. कृती निर्माण होताच हा हक्क उत्पन्न होतो. त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. तथापि नवी दिल्ली येथील प्रताधिकार कार्यालयाच्या नोंदवहीतील नोंद ही कलम ४८ अन्वये प्रथमदर्शनी पुरावा मानली जाते. साहित्यकृती वा कलाकृतीच्या नोंदणीसाठी प्रताधिकार नियम, २०१३ मध्ये ५०० रुपये, आणि ती कृती मालावर वापरली जाणार असल्यास २,००० रुपये शुल्क ठरविलेले आहे. वाद उपस्थित होण्यापूर्वी केलेला एवढा खर्च पुढे सार्थकी लागतो.

हक्क असतो तो अभिव्यक्तीवर, कल्पनेवर नव्हे. मुलांना खड्यांच्या साहाय्याने बेरीज शिकविण्याची पद्धत कोणाच्याही मालकीची होऊ शकत नाही. परंतु त्यासाठी शिक्षिकेने काढलेली चित्रे, रचलेली वाक्ये व केलेली मांडणी ही तिचीच असते. तद्वतच पारंपरिक शैलीवर कोणाही एका व्यक्तीचा प्रताधिकार नसतो. वारली शैलीत चित्र काढले म्हणून किंवा पैठणीवर मोर विणला म्हणून एका कलावंताला दुसऱ्याविरुद्ध प्रताधिकाराची तक्रार करता येणार नाही. एखाद्या कलावंताने स्वतः रेखाटलेल्या विशिष्ट चित्राची हुबेहूब नक्कल झाली, तर मात्र ती करता येईल. वारली चित्रकला व पैठणी यांना भौगोलिक मानांकन लाभले आहे. परंतु त्याचा कायदा वेगळा आणि व्यापारचिन्हाचाही वेगळा. चुकीच्या सदराखाली केलेली तक्रार बहुधा तेथेच फेटाळली जाते.

कारागिरांनी कलम १५ कडे विशेष लक्ष द्यावे. जे डिझाइन डिझाइन अधिनियम, २००० खाली नोंदविण्याजोगे आहे, परंतु नोंदविलेले नाही, ते वापरून हक्कधारकाने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कोणी औद्योगिक प्रक्रियेने ५० पेक्षा अधिक वस्तू तयार केल्या, की त्या डिझाइनवरील प्रताधिकार संपुष्टात येतो. सबब फरशा, भांडी, कापड वा खेळणी यांसाठी नवे डिझाइन करणाऱ्याने उत्पादन वाढविण्यापूर्वीच, किंबहुना डिझाइन प्रसिद्ध करण्यापूर्वीच, त्याच्या नोंदणीचा विचार करावा.

मालकी कोणाची, आणि किती काळ?

सामान्यतः कृतीचा कर्ता हाच तिचा पहिला मालक असतो. परंतु नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कृतीचा पहिला मालक, विरुद्ध करार नसल्यास, नियोक्ता असतो. आणि शासनासाठी वा शासनाच्या निदेशानुसार तयार झालेल्या कृतीचा मालक, तसा करार नसल्यास, शासन असते. आपल्या उदाहरणातील शिक्षिकेने पुस्तिका सुट्टीत व कर्तव्याबाहेर तयार केली, या तपशिलाचे महत्त्व येथे कळून येईल. खात्याने सोपविलेल्या कामातून तीच पुस्तिका निर्माण झाली असती, तर तक्रार करण्याचा अधिकार तिचा नव्हे, खात्याचा ठरला असता.

हक्काचे हस्तांतरण तोंडी होत नाही. कलम १९ अन्वये ते लेखी व सहीनिशीच असावे लागते. अशा लेखात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांची समजली जाते. मुद्रकाला वा प्रकाशकाला हस्तलिखित देताना हा कागद करून ठेवण्याचा आळस पुष्कळांना पुढे भोवतो.

प्रसिद्ध साहित्यकृतीवरील हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या निधनानंतरच्या वर्षारंभापासून ६० वर्षे राहतो. साने गुरुजींचे निधन १९५० साली झाले; त्यांनी हयातीत प्रसिद्ध केलेल्या लेखनावरील प्रताधिकार २०१० च्या अखेरीस संपला. त्यांचे मूळ लेखन आज कोणीही छापून विकू शकतो. मात्र एखाद्या प्रकाशकाने नव्या आवृत्तीसाठी काढून घेतलेली चित्रे अथवा लिहवून घेतलेली प्रस्तावना यांवर स्वतंत्र हक्क असू शकतो. उलटपक्षी बा. भ. बोरकर यांचे निधन १९८४ साली झाले. त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरील हक्क ३१ डिसेंबर २०४४ पर्यंत राहील; तोवर त्यांची कविता फलकावर वा कपड्यावर छापून विकावयाची, तर हक्कधारकांची अनुमती घेणे प्राप्त आहे.

तक्रारीपूर्वीची तयारी

नक्कल आढळताच रागाच्या भरात विक्रेत्याला संदेश पाठविण्याचा मोह आवरावा. सावध झालेला विक्रेता नोंद काढून टाकील, दुसऱ्या नावाने ती पुन्हा टाकील आणि पुरावा मात्र हातचा जाईल. प्रथम विक्रीच्या पानाचे स्क्रीनशॉट दिनांक व वेळेसह घ्यावेत. त्या पानाचा संपूर्ण दुवा, विक्रेत्याचे नाव व किंमत यांची टिपण करावी. शक्य असल्यास एक प्रत विकत घेऊन तिचे बिल व वेष्टन जपून ठेवावे. नंतर आपली मूळ कृती व नक्कल शेजारी शेजारी ठेवून कोणते पान कोणत्या पानावरून घेतले आहे, याचे कोष्टक तयार करावे. कच्ची रेखाटने, मुद्रकाचे बिल, पहिल्या प्रकाशनाची तारीख आणि संगणकावरील मूळ फाइल ही मालकीची साधने होत.

प्रकरण न्यायालयात गेल्यास इलेक्ट्रॉनिक अभिलेखासोबत भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ अन्वये प्रमाणपत्र द्यावे लागते. हा अधिनियम १ जुलै २०२४ पासून अमलात आला आहे. कोणत्या साधनावर, कोणी व केव्हा स्क्रीनशॉट घेतला, याची नोंद म्हणूनच तत्काळ करावी.

तक्रार कशी लिहावी?

ॲमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या मोठ्या बाजारपेठांत हक्कभंग कळविण्यासाठी स्वतंत्र नमुना असतो. याखेरीज माहिती तंत्रज्ञान नियम, २०२१ अन्वये मध्यस्थाने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव व संपर्क संकेतस्थळावर प्रसिद्ध करणे बंधनकारक आहे. तक्रार मिळाल्याची पोच त्याने २४ तासांत द्यावयाची असते.

तक्रारीतील मजकुराचा सर्वांत उपयुक्त साचा प्रताधिकार नियम, २०१३ च्या नियम ७५ मध्ये सापडतो. हा नियम इलेक्ट्रॉनिक माध्यमातील तात्पुरत्या वा आनुषंगिक साठवणुकीसंबंधी आहे. तथापि त्यातील बाबी कोणत्याही तक्रारीस उपकारक ठरतात. त्या अशा :

१. कृतीचे वर्णन, ती ओळखता येईल इतक्या तपशिलासह.
२. तक्रारदार मालक वा अनन्य परवानाधारक असल्याचा पुरावा.
३. विक्रीस ठेवलेली प्रत ही नक्कल असल्याचे, आणि ती कलम ५२ मधील कोणत्याही अपवादात मोडत नसल्याचे विवरण.
४. नक्कल नेमकी कोठे आहे, तो दुवा.
५. ती टाकणाऱ्या व्यक्तीची माहिती, ठाऊक असल्यास.
६. त्या व्यक्तीविरुद्ध दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर करण्याची हमी.

अशा तक्रारीने समाधान झाल्यास मध्यस्थाने ३६ तासांच्या आत ती नकल लोकांना उपलब्ध होणे थांबवावयाचे असते. ही बंदी २१ दिवसांची असते. तेवढ्या अवधीत न्यायालयाचा आदेश न आल्यास मध्यस्थ ती नोंद पुन्हा खुली करू शकतो. सहाव्या बाबीतील हमी ही केवळ रिवाजाची ओळ नाही, हे यावरून स्पष्ट होईल.

“माझे साहित्य तुमच्या संकेतस्थळावर चोरून विकले जात आहे” अशी मोघम तक्रार निरुपयोगी होय. दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने मायस्पेस प्रकरणी डिसेंबर २०१६ मध्ये दिलेल्या निर्णयात म्हटले आहे की, मध्यस्थाला विशिष्ट कृतीच्या भंगाची प्रत्यक्ष माहिती असली पाहिजे. मात्र प्रताधिकाराच्या बाबतीत हक्कधारकाने दिलेली नेमकी सूचना त्यासाठी पुरेशी आहे, प्रत्येक वेळी आधी न्यायालयाचा आदेश आणण्याची आवश्यकता नाही.

आपल्या शिक्षिकेच्या तक्रारीचा गाभा पुढीलप्रमाणे असू शकेल :

“सोबत जोडलेल्या सरावपुस्तिकेची मी लेखिका व चित्रकार असून तिचा प्रताधिकार माझ्याकडे आहे. प्रथम प्रकाशनाचा दिनांक व मुद्रकाचे बिल सोबत आहे. खाली दिलेल्या दुव्यावर विक्रीस असलेल्या पुस्तिकेतील पृष्ठे ५ ते २० ही माझ्या पुस्तिकेतील पृष्ठे ९ ते २४ यांची जशीच्या तशी नक्कल आहे. तुलनेचे कोष्टक जोडले आहे. यास मी अनुमती दिलेली नाही, आणि ही नक्कल अधिनियमाच्या कलम ५२ मधील कोणत्याही अपवादात मोडत नाही. वरील विधाने माझ्या माहितीप्रमाणे खरी आहेत. सबब ही नोंद विक्रीतून काढावी, ही विनंती. विक्रेत्याविरुद्ध दावा दाखल करून २१ दिवसांत न्यायालयाचा आदेश सादर करण्याची मी हमी देते.”

येथे आरोपापेक्षा तपशील अधिक आहे, ही गोष्ट ध्यानी घ्यावी. उरलेली पाने त्या विक्रेत्याची स्वतःची असतील, तर त्यांवर तिने हक्क सांगितलेला नाही. तोच विक्रेता पुनःपुन्हा असे करीत असल्यास तेही कळवावे. ग्राहक संरक्षण (ई-वाणिज्य) नियम, २०२० अन्वये, प्रताधिकाराच्या कायद्याखाली ज्यांचा माल पूर्वी काढून टाकावा लागला आणि ज्यांनी तो वारंवार विक्रीस ठेवला, अशा विक्रेत्यांची माहिती ठेवण्याचा वाजवी प्रयत्न बाजारपेठेने करावयाचा असतो.

आरोप आपल्यावर आल्यास

आता बेळगावच्या पुस्तकविक्रेत्याकडे वळू. निरोप मिळताच घाबरून दुकान बंद करणे जितके अयोग्य, तितकेच नव्या नावाने त्याच नोंदी पुन्हा टाकणे अयोग्य. तक्रार कोणी केली, कोणत्या कृतीबद्दल केली व कोणत्या दुव्याबद्दल केली, याचा तपशील कंपनीकडे लेखी मागावा आणि उत्तराची मुदत पाहून ठेवावी. त्यानंतर प्रत्येक नोंद प्रामाणिकपणे तपासावी.

समजा, या तपासणीत चाळीसपैकी सदतीस पुस्तके जुनी पण अस्सल निघाली आणि तीन पुस्तके छायाप्रती काढून बांधलेली निघाली. कायद्याच्या कलम १४ मध्ये साहित्यकृतीच्या प्रती लोकांना उपलब्ध करून देण्याचा हक्क सांगितला आहे. परंतु आधीच चलनात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. म्हणजेच रीतसर छापलेल्या व एकदा विकल्या गेलेल्या पुस्तकाची पुनर्विक्री हा हक्कभंग नव्हे. सदतीस पुस्तकांबाबत विक्रेत्याची बाजू भक्कम आहे. उरलेल्या तीन प्रतींबाबत मात्र त्याने चूक मान्य करून त्या कायमच्या मागे घ्याव्यात. असे केल्याने त्याची बाजू दुबळी न होता उलट विश्वासार्ह होते. भंगाची जाणीव नव्हती व प्रताधिकार अस्तित्वात असल्याचे मानण्यास वाजवी कारण नव्हते, असे सिद्ध करणाऱ्याबाबत कलम ५५ सौम्य आहे. सूचना मिळाल्यानंतर मात्र ही सबब पुढे करता येत नाही.

प्रतिवादाची अन्य कारणे अशी असू शकतात : कृती आपली स्वतःची आहे; हक्कधारकाची लेखी अनुमती आहे; प्रताधिकाराची मुदत संपली आहे; तक्रारदार हा मालकच नाही; किंवा साम्य केवळ कल्पनेचे वा पारंपरिक घटकांचे आहे. राजा रविवर्मा यांचे निधन १९०६ साली झाले. त्यांच्या चित्रांच्या प्रतिकृती विकणाऱ्यावर कोणी मूळ चित्राच्या प्रताधिकाराचा दावा सांगितल्यास मुदतीचे उत्तर पुरेसे होईल. शिक्षकांनी एक भेद जाणून घ्यावा. अध्यापनाच्या ओघात उतारा उद्धृत करण्यास वा त्याची प्रत काढण्यास कलम ५२ सवलत देते. त्याच प्रतींचा संच करून बाजारात विकण्यास ती सवलत लागू होत नाही.

उत्तर लिहिताना प्रत्येक नोंदीपुढे कारण व पुरावा द्यावा : खरेदीची पावती, मुद्रणपृष्ठाचे छायाचित्र, अनुमतिपत्र. तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या निर्णयाने समाधान न झाल्यास केंद्र शासनाने स्थापिलेल्या तक्रार अपील समितीकडे ३० दिवसांत ऑनलाइन अपील करण्याची तरतूद आहे.

परदेशी बाजारपेठेत माल ठेवणाऱ्यांसाठी अमेरिकेची रीत जाणून घेणे इष्ट ठरेल. तेथील १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्यात प्रतिसूचनेची निश्चित पद्धत आहे. ज्याची नोंद काढली गेली, तो आपले नाव, पत्ता व दूरध्वनी देऊन, चूक वा गैरसमजाने ती काढली गेल्याचे शपथपूर्वक कळवू शकतो. त्यानंतर तक्रारदाराने दावा दाखल न केल्यास कामकाजाच्या १० ते १४ दिवसांत नोंद पूर्ववत होते. मात्र अशी प्रतिसूचना देणारा तेथील न्यायालयाचे अधिकारक्षेत्र मान्य करतो. म्हणून ती विचारपूर्वकच द्यावी.

न्यायालयाचा मार्ग

बाजारपेठेतील तक्रार हा वादाचा शेवट नव्हे. कलम ६२ अन्वये प्रताधिकाराचा दावा जिल्हा न्यायालयापेक्षा कनिष्ठ न्यायालयात चालत नाही. पण तो जेथे हक्कधारक राहतो वा व्यवसाय करतो, तेथील न्यायालयातही दाखल करता येतो. परप्रांतातील विक्रेत्याविरुद्ध फोंड्याच्या शिक्षिकेला परमुलखात हेलपाटे घालण्याची गरज नाही, हा या तरतुदीचा मोठा आधार आहे. न्यायालय मनाई हुकूम देऊ शकते, नुकसानभरपाई देववू शकते आणि नफ्याचा हिशेब मागू शकते. जाणूनबुजून केलेला भंग हा कलम ६३ खाली गुन्हाही आहे. त्यास सामान्यतः सहा महिने ते तीन वर्षे कारावास व ५०,००० ते २ लाख रुपये दंड सांगितला आहे, आणि तो दखलपात्र असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दिला आहे. स्त्रियांना तसेच अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ अन्वये मोफत कायदेविषयक साहाय्य मिळू शकते. त्यासाठी तालुका वा जिल्हा विधी सेवा कार्यालयाकडे अर्ज करावा.

ज्याच्यावर खोटा आळ आला, त्यालाही हेच दार खुले आहे. प्रताधिकारभंगाच्या निराधार धमक्या देणाऱ्याविरुद्ध कलम ६० अन्वये दावा लावून, आपण हक्कभंग केला नाही असे घोषित करवून घेता येते, धमक्या थांबविण्याचा हुकूम मिळविता येतो आणि झालेल्या हानीची भरपाई मागता येते. धमकी देणाऱ्याने स्वतःच तत्परतेने दावा दाखल करून चालविला, तर मात्र हे कलम लागू होत नाही. स्पर्धकाचा माल सणासुदीच्या दिवसांत बाजारातून उठविण्यासाठी तक्रारीचे हत्यार उपसणाऱ्यांनी या कलमाचे स्मरण ठेवावे.

सारांश, प्रताधिकार हे निर्मात्याचे कुंपण आहे; शेजाऱ्याची वाट अडविण्याचे ते साधन नव्हे. शिक्षिकेने आपल्या सोळा पानांपुरतीच तक्रार केली आणि पुस्तकविक्रेत्याने आपल्या तीन प्रती स्वतःहून मागे घेतल्या, तर दोघांचेही म्हणणे ऐकणाऱ्याला पटण्याजोगे होते. शाळांनी, ग्रंथालयांनी व स्वयंसाहाय्य गटांनी आपापल्या निर्मितीची एक साधी नोंदवही आजच सुरू करावी : कृतीचे नाव, कर्ता, तारीख, मूळ प्रत कोठे आहे आणि कोणास कोणती लेखी अनुमती दिली. वाद उद्भवेल त्या दिवशी हीच वही सर्वांत आधी उघडावी लागेल.